अव्हेरलेल्या शब्दांचे राखणदार

वरून गोड आणि आतून कपटी अशा माणसाला मराठीत आपण ‘मानभावी’ म्हणतो. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण वऱ्हाडात आजही ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कोणताही पंथ नसतो, पण शब्दाच्या पोटात तो असतो. ‘मानभाव’ हे ‘महानुभाव’ या नावाचे लोकांच्या तोंडी झालेले रूप. ज्या लोकांनी मराठीला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ दिला, त्यांच्या नावाची शिवी करून मराठीनेच ती शेकडो वर्षे वापरली. भाषेने आपल्या पहिल्या चरित्रकारांना दिलेली ही परतफेड विचित्र आहे, आणि तिचा उलगडा करायचा तर अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूर या गावी जावे लागते.

जुन्या ग्रंथांतले ऋद्धिपूर ते हेच. महानुभावांची ही काशी. राजमठ, वाजेश्वरी अशी नावे इथे यात्रेकरूंच्या तोंडी असतात आणि प्रत्येक स्थानाच्या ओट्याशी लोक डोके टेकतात. या लेखाचा विषय मात्र तीर्थमाहात्म्य नाही. ज्यांचे म्हणणे समाजाने आणि सत्तेने नाकारले, त्यांच्या माणसांनी त्या म्हणण्याशी निष्ठा राखली म्हणजे नेमके काय केले, हा माझा प्रश्न आहे. निष्ठा हा शब्द आपण फार सैल वापरतो. रिद्धपुरात ती रोजच्या कामाच्या रूपात दिसते, म्हणून तिच्याकडे नीट पाहता येते.

पैठणची सभा आणि ऋद्धिपूरची वाट

चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे, भडोचच्या प्रधानाच्या घरातले, असे परंपरा सांगते. ते ऋद्धिपुरात आले आणि इथल्या गोविंदप्रभूंकडून त्यांना ज्ञानशक्ती लाभली. पुढे वर्षानुवर्षे ते एकटे हिंडले आणि मग गोदावरीच्या काठाने त्यांच्याभोवती माणसे जमू लागली. यादवांचे राज्य तेव्हा ऐन भरात होते. देवगिरीच्या गादीवर १२६१ ते १२७१ महादेवराय होता आणि त्याच्यानंतर रामदेवराय आला. या दरबारातला सर्वांत वजनदार पंडित म्हणजे हेमाद्री. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रते, दाने, श्राद्धे यांचा अफाट पसारा आहे. धर्म म्हणजे काय, कोणत्या तिथीला काय करावे आणि कोणाला काय द्यावे, याची ती जणू राजमान्य खतावणी होती.

याच काळात चक्रधर सांगत होते की, देवता अनेक असतील, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. परमेश्वर एकच आहे. संन्यास स्त्रीलाही घेता येतो आणि शूद्रालाही. विटाळाची कल्पना त्यांना मान्य नव्हती. बाईच्या शरीराचा ऋतुधर्म हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच, त्यात अपवित्र काही नाही, असे त्यांनी स्पष्ट समजावल्याची लीळा आहे. हे सारे ते संस्कृतात न सांगता लोकांच्या बोलीत, घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या दृष्टान्तांनी सांगत. हेमाद्रीच्या खतावणीला याहून मोठा धक्का कोणता असणार?

पैठणला सभा भरली. चक्रधरांना दोषी ठरवण्यात आले आणि त्यांचे नाक कापण्यात आले, असे लीळाचरित्राचे पाठ सांगतात. त्यानंतर ते उत्तरापंथे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. हा काळ साधारण १२७२ ते १२७४ चा. मागे उरले ते थोडे भिक्षुक, त्यांतल्या कितीतरी बायका, काही म्हाताऱ्या, आणि त्यांना सांभाळणारे नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास. गुरू गेले, पण जाताना त्यांनी एक वाट दाखवून ठेवली होती : ऋद्धिपुराला गोविंदप्रभूंजवळ जाऊन राहा.

न बोलणाऱ्या गुरूची सेवा

हा आदेश पाळणे वाटते तितके सोपे नव्हते. चक्रधर बोलके होते. प्रश्न विचारला की उत्तर मिळे, उत्तर पटले नाही तर दृष्टान्त मिळे. गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, याच्या अगदी उलट. त्यांनी कधी निरूपण केले नाही, तत्त्वज्ञान सांगितले नाही. ते हसत, रागावत, रुसत, वाटेल त्या घरात शिरत, हाताला येईल ते खात. गावातल्या कित्येकांच्या लेखी ते वेडेच होते. महार-मांगांच्या घरी जाऊन ते तसेच ब्राह्मणांच्या घरी शिरत, तेव्हा गावात कुरबुर होई. मातंगांचे पाण्यावाचून हाल होत होते, त्यांना विहिरीची जागा त्यांनी दाखवली, अशीही लीळा आहे. तरी याच गावाने त्यांना ‘राऊळ माय, राऊळ बाप’ म्हटले. एकाच माणसाला वेडाही म्हणायचे आणि अडल्यानडल्याला त्यालाच हाक मारायची, असा ऋद्धिपूरचा व्यवहार होता.

अशा गुरूजवळ नागदेव आणि त्यांची मंडळी बारा-चौदा वर्षे राहिली. शिकवण ऐकायची सवय लागलेल्या माणसांनी न शिकवणाऱ्याची सेवा केली. त्याचे आंघोळ-जेवण पाहिले, त्याच्या मागे गल्लीबोळांतून हिंडले, त्याचे हट्ट पुरवले. एकदा राउळांना लग्नाची हौस आली, तेव्हा लग्नाचा थाट मांडला गेला आणि महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी तिथल्या तिथे रचून म्हटली. तेच ‘धवळे’. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची कविता जन्मली ती अशी, एका ‘वेड्या’ म्हाताऱ्याचा हट्ट पुरवताना. ही महदाइसा नागदेवांची चुलत बहीण. प्रश्न विचारण्यात तिचा हात कोणी धरला नाही. चक्रधरांपाशी तिने केलेल्या पृच्छांवाचून लीळाचरित्र आज आहे त्याहून बरेच बारीक झाले असते.

गोविंदप्रभूंच्या लीळांचे इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने १९८४मध्ये प्रसिद्ध केले. पुढे, १९९२मध्ये, त्यांनी आणि शं. गो. तुळपुळे यांनी मिळून ‘स्मृतिस्थळा’चे, म्हणजे नागदेवांच्या काळातल्या आठवणींचे भाषांतर केले. त्या पुस्तकाला दिलेल्या नावाचा अर्थ ‘देवाच्या अनुपस्थितीत’ असा होतो. या माणसांची अवस्था मला यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही. देव होता तेव्हा निष्ठेला कष्ट नव्हते. तो गेल्यावर तिची कसोटी सुरू झाली.

म्हाइंभटांची चौकशी

सराळ्याचे म्हाइंभट घरचे सधन, शास्त्रात पारंगत आणि वादविवादात तयार. चक्रधरांना वादात जिंकायला म्हणून ते गेले आणि त्यांचेच झाले. ऋद्धिपुरात वाजेश्वरीच्या परिसरात त्यांनी नागदेवांना एकांतात चक्रधरांच्या लीळांचे स्मरण करताना पाहिले. मग त्यांच्या मनात आले की, हे आज यांना आठवते, आपल्यालाही थोडे आठवते, पण जे पुढे येतील त्यांच्यासाठी काय? नागदेवांची अनुमती घेऊन ते कामाला लागले. सन १२७८च्या आसपासची ही गोष्ट.

त्यांनी जे केले ते आज आपण ज्याला क्षेत्रकार्य म्हणतो तेच. लीळा जिच्यापुढे घडली त्या व्यक्तीला शोधायचे, ती असेल त्या गावी जायचे, कोणत्या स्थळी, कोणत्या वेळी, कोण कोण हजर असताना, हे विचारायचे, आणि मग ते नागदेवांसमोर मांडून पडताळायचे. स्वामींचे शब्द जसे उच्चारले तसे हवेत, हा आग्रह. म्हणून लीळाचरित्रात स्वामी तेवढे बोलत नाहीत. म्हाताऱ्या बोलतात, शेतकरी बोलतात, भांडणारे भांडतात, चोर आपल्या भाषेत चोरीचे बेत करतात. कोणी काय खाल्ले, कुठे अंथरूण टाकले, वाटेत कोण रुसले, हे सारे नोंदले गेले. तेराव्या शतकातला महाराष्ट्र जेवताना, हिंडताना, बोलताना पाहायचा तर आपल्याजवळ याच्या तोडीचा दुसरा ग्रंथ नाही.

इतक्या नेटाने हे काम करायचे कारण काय? राजसभेने ज्याला अपराधी ठरवले त्याच्या बाजूने म्हाइंभटांनी कैफियत लिहिली नाही. हेमाद्रीला उत्तर देणारा एखादा संस्कृत ग्रंथ लिहिण्याची विद्वत्ता त्यांच्यापाशी होती. त्यांनी तो मार्ग घेतला नाही. जे घडले ते घडले तसे सांगायचे, एवढेच त्यांनी केले. माझ्या मते यातच त्यांची निष्ठा आहे. वकिली करणारा माणूस आपल्या बाजूचे तेवढे ठेवतो. म्हाइंभटांनी स्वामींची थट्टामस्करी, आजारपण, शिष्यांचे हेवेदावे, स्वतःची फजिती, सारे ठेवले.

भाषेबाबत नागदेवांचा कटाक्ष प्रसिद्धच आहे. पंथातल्या पंडितांनी संस्कृतात काही रचण्याचे वा विचारण्याचे मनात आणले, तेव्हा नागदेवांनी ते थोपवले. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असे त्यांचे म्हणणे होते. हा अभिमान भाषेचा नव्हता. ज्यांच्यासाठी शब्द उच्चारला गेला त्यांच्यापर्यंत तो पोचला पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

पुन्हा लिहिलेला ग्रंथ

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर मंडळी पांगली. चौदाव्या शतकाच्या आरंभी निंब्याला नागदेवही गेले. १२९६मध्ये देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी झाली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. त्या धामधुमीत, महानुभाव ज्याला ‘खालशाची धाड’ म्हणतात त्यात, पोथ्या गेल्या. म्हाइंभटांचे मूळ लीळाचरित्रही गेले.

इथे मला यहुदी लोकांच्या धर्मग्रंथातले एक प्रकरण आठवते. आपल्याकडच्या वाचकाला ते बायबलच्या जुन्या करारातून ठाऊक असेल. इ.स.पू. ६०५च्या सुमारास यरुशलेमच्या यिर्मया या संदेष्ट्याने आपला बारूख नावाचा लेखक समोर बसवून आजवरची सारी वचने सांगितली आणि बारूखने ती गुंडाळीवर उतरवली. यिर्मयाला मंदिरात जायला बंदी होती, म्हणून बारूखच ती मंदिरात वाचून आला. गुंडाळी यहोयाकीम राजापर्यंत गेली. हिवाळ्याचे दिवस होते, राजापुढे शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापी आणि शेगडीत टाकी. करता करता सगळी गुंडाळी जळाली. यिर्मयाने काय केले? दुसरी गुंडाळी मागवली आणि बारूखला सगळे पुन्हा सांगितले. त्यात आणखी पुष्कळ भर पडली, असेही तो ग्रंथ नोंदवतो.

हिब्रू संदेष्ट्यांच्या कथेत नकार पावलोपावली आहे. आमोस गुराखी होता, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. बेथेलच्या पुरोहिताने त्याला सांगितले की, हे राजाचे देवस्थान आहे, तू आपल्या मुलखात जाऊन पोट भर. यशयाला तर आधीच बजावले होते की, लोक ऐकतील पण समजणार नाहीत. यहेज्केलला सांगितले गेले की, ते ऐकोत वा न ऐकोत, तू बोल. यिर्मयाला चिखलाच्या हौदात सोडले. त्याला बाहेर काढणारा निघाला एक परदेशी कूशी माणूस. दोराने काखा सोलवटू नयेत म्हणून त्याने जुन्या चिंध्याही दिल्या. हे काम नको, बोलणेच बंद करतो, असे यिर्मयाने मनाशी ठरवूनही पाहिले. पण न बोलणे त्याला आतून जाळू लागले. निष्ठेचे हे चित्र मला खरे वाटते, कारण त्यात माणूस कंटाळतो, चिडतो, तक्रार करतो, आणि तरी काम सोडत नाही.

ऋद्धिपूरच्या माणसांपुढची अडचण मात्र यिर्मयाच्या अडचणीहून बिकट होती. यिर्मया जिवंत होता, तो पुन्हा सांगू शकत होता. इथे सांगणारे स्वामी नव्हते, पडताळणारे नागदेव नव्हते आणि ग्रंथही नव्हता. उरली ती पाठांतरे. ज्यांनी लीळा तोंडपाठ केल्या होत्या, त्यांनी आपापल्या स्मरणातून त्या पुन्हा उतरवल्या. हिराइसा नावाच्या बाईचा पाठ त्यांतला फार मानाचा. परशरामबासांचा आणि रामेश्वरबासांचा असे आणखी पाठ झाले. हे पाठ एकमेकांशी जुळले नाहीत तेव्हा काय करायचे? कोणीही सत्तेच्या बळावर एकच पाठ खरा ठरवला नाही. पोथ्यांत भेद तसेच ठेवले. एखाद्याला गोष्ट वेगळी आठवते, तर त्या वेगळ्या आठवणीला ‘वासना’ असे म्हणून तीही खाली लिहायची, अशी रीत पडली. स्मृती चुकू शकते हे मान्य करूनही स्मृतीवर विसंबायचे, आणि दुसऱ्याच्या आठवणीला जागा ठेवायची. विद्यापीठांतून पाठचिकित्सा शिकवली जाण्याच्या कितीतरी आधी, भिक्षा मागून जगणाऱ्या या माणसांनी ती आपल्या परीने साधली.

आणखी एक फरक सांगितला पाहिजे. इ.स.पू. ५८७-८६मध्ये यरुशलेम पडले, तेव्हा यिर्मया खरा ठरला. राजांना आवडतील अशी भाकिते सांगणारे विसरले गेले आणि त्याचा ग्रंथ पवित्र मानला गेला. महानुभावांच्या वाट्याला असा दिवस आला नाही. देवगिरी पडली, पण त्यांचेच बरोबर होते, असे कोणी म्हटले नाही. चक्रधरांनी राज्याच्या नाशाचे भविष्य वर्तवलेच नव्हते. काळाने शिक्कामोर्तब करावे असे त्यांच्या म्हणण्यात काही नव्हते. खरे ठरण्याची आशा नसताना ज्यांनी शब्द जपले, त्यांची निष्ठा मला जास्त अवघड वाटते.

कुलूप आणि किल्ली

चौदाव्या शतकातच एक गोष्ट घडली, जिचे परिणाम पुढे पाच-साडेपाच शतके भोगावे लागले. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यांत मुख्य ‘सकळ’ लिपी. ती रवळोबासांनी घडवली असे परंपरा मानते. ‘सुंदरी’ आणि इतर लिप्या पुढे आल्या. अक्षरांची अदलाबदल केलेली, ज्याला किल्ली ठाऊक त्यालाच वाचता येणारी ही लेखनपद्धती. का केली? छळाच्या भीतीने, असे काही अभ्यासक म्हणतात. पवित्र शब्दांत कोणी भेसळ करू नये म्हणून, असे काहींचे मत आहे. मला दोन्ही कारणे एकमेकांना धरून आहेत असे वाटते. ज्याने एकदा सगळे ग्रंथ गमावले आहेत, तो दुसऱ्यांदा कुलूप लावणारच.

पण इथे निष्ठेच्या दोन अर्थांची टक्कर होते. नागदेवांनी संस्कृत नको म्हटले ते म्हाताऱ्यांसाठी. म्हणजे शब्द उघडा राहिला पाहिजे. लिपीने तोच शब्द बंद केला. मठात दीक्षा घेतलेल्याला तो वाचता आला, परंतु बाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतला आपलाच ग्रंथ परका झाला. एका पिढीने शब्द लोकांसाठी जपला आणि दुसरीने तो लोकांपासून जपला. दोन्ही पिढ्या आपण स्वामींशीच इमान राखतो आहोत असे मानत होत्या, आणि दोघींचेही खोटे नव्हते.

किंमत मात्र मोठी पडली. काळी वस्त्रे नेसणारी, देवळांतल्या देवांना न मानणारी, बायकांना संन्यास देणारी, आणि आपल्या पोथ्या कोणाला न दाखवणारी ही माणसे. त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलायला रान मोकळे झाले. १७८२मध्ये पेशवाईत असा निर्णय झाला की, मानभाव निंद्य आहेत, चातुर्वर्ण्याशी आणि दर्शनांशी त्यांचा संबंध नाही, आणि त्यांचा उपदेश ऐकणारा जातीबाहेर जाईल. पैठणच्या सभेनंतर पाचशे वर्षांनी तोच निकाल पुन्हा दिला गेला. निंदेला उत्तर पोथीत होते, आणि पोथीला कुलूप होते. उघड्या पोथीने निंदा थांबली असती असा माझा दावा नाही. ज्यांनी निकाल दिला त्यांना बहुधा पोथी वाचायचीही नव्हती. पण ज्या सामान्य माणसाने ‘मानभावी’ हा शब्द उचलला, त्याला दुसरी बाजू ऐकण्याची संधी कधीच मिळाली नाही, एवढे खरे.

त्याच कुलपाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेराव्या शतकातल्या मराठीचे शब्द, प्रत्यय, म्हणी, शिव्या आपल्यापर्यंत जितक्या जुन्या रूपात आल्या, त्यांत या बंद पोथ्यांचा वाटा मोठा आहे. लोकांच्या तोंडी खेळणारा ग्रंथ प्रत्येक पिढीत थोडा नवा होतो. ज्ञानेश्वरीला त्यासाठी एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. लीळाचरित्राला तो धोका कमी झाला, कारण ते लोकांपर्यंत गेलेच नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी या लिप्या उलगडल्या. पंथातल्या काही महंतांनी परक्यांवर विश्वास टाकून पोथ्या दाखवल्या. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी या वाङ्मयाचा पहिला मोठा परिचय करून दिला. ह. ना. नेन्यांनी नागपुरात लीळाचरित्र छापायला घेतले आणि वि. भि. कोलत्यांनी उभे आयुष्य त्यात घातले. हे काम बव्हंशी विदर्भातल्या माणसांनी केले, हे मला इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. महंतांनी पोथ्या उघडणे हेही निष्ठेचेच कृत्य होते. पाचशे वर्षांच्या रिवाजाविरुद्ध जाऊन त्यांनी नागदेवांचा मूळ हेतू पुन्हा जागता केला.

२०२४पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ज्या गावात म्हाइंभट साक्षीदारांना विचारत बसले, तिथेच ते व्हावे हे योग्यच झाले. पण विद्यापीठ निघाले म्हणून ऋण फिटत नाही. महानुभावांच्या पोथ्या वऱ्हाडात, मराठवाड्यात, खानदेशात, आणि जिथे या लोकांना जयकृष्णी म्हणतात त्या पंजाबातही गेल्या. कितीतरी पोथ्या अजून रुमालांत बांधलेल्या आहेत. त्यांतली लिपी वाचू शकणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत. म्हाइंभटांनी जो प्रश्न स्वतःला विचारला तोच आज या विद्यापीठाने, आणि आपण वाचकांनीही, विचारायचा आहे : ज्यांना आठवते ते अजून आहेत, तोवर त्यांच्यापाशी कोण जाऊन बसणार?